काळ्या बटणामागची बोटं

मेसेज आला तेव्हा मी पाकिटाला डिंक लावत होते आणि बोटं चिकट होती, म्हणून तो लगेच उघडता आला नाही. बरंच झालं म्हणायचं, पाच मिनिटं जास्तीची सुखात गेली. मग हात धुतले, पुसले, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. 'प्रिय विक्रेता' अशी सुरुवात करणाऱ्याला आपण प्रिय नसतो, हे अकरा वर्षांत मला कळलेलं आहे. ज्या ऑनलाइन बाजारात आमचं दुकान आहे, त्या बाजारानं फोटोंचे नियम बदलले होते. वस्तूच्या मागे शुभ्र पांढरंच हवं. फोटो हललेला नको. शेजारी मोजपट्टी, नाणं, फूल, काही नको. आणि चौथा नियम, फोटोत मानवी शरीराचा कोणताही भाग दिसता कामा नये. तुमच्या दुकानातल्या चारशे बारा वस्तू नियमात बसत नाहीत, एकवीस दिवसांत फोटो बदला, एक जरी राहिला तरी दुकान बंद होईल. आमच्या दुकानात एकूण वस्तूच चारशे बारा होत्या. आणि त्यांतला मानवी शरीराचा भाग म्हणजे माझ्या आईची दोन बोटं. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आम्ही बटणं विकतो. डझनानं नाही, एकेक. कोटाचं एक बटण हरवलं की माणूस चमत्कारिक अडचणीत येतो. पाच बटणं शाबूत असतात आणि सहाव्यापायी अख्खा कोट खुंटीला लागतो. अशा माणसांसाठी आमचं दुकान. आई तीस वर्षं एका लॉंड्रीच्या मागच्या खोलीत बसून दुरुस्तीचं काम करायची, उसवलेली शिवण, खालची पट्टी, चेन, बटण. धुलाईच्या मशीनच्या जाळीत रोज दोनचार सुटी बटणं सापडायची. ज्याचं त्याला परत लावून झाल्यावरही काही उरायचीच, त्यांना कुणी वाली नसायचा. लॉंड्रीचे मालक म्हणायचे, "न्या हो बाई, तेवढीच जाळी मोकळी." ती न्यायची. घरात बिस्किटांचे डबे होते आणि बिस्किटं कशातच नव्हती. लहानपणी मी आणि धाकटा भाऊ दरवेळी नव्या आशेनं डबा उघडायचो आणि दरवेळी आत बटणं. भाऊ अजून म्हणतो की आयुष्यात माणसांवरचा विश्वास पहिल्यांदा उडाला तो त्या डब्यांमुळे. पुढे मी ऑफिस सोडलं, का सोडलं तो वेगळा विषय, आणि घरी बसून भिंती मोजायला लागले, तेव्हा आईच म्हणाली, "तुझ्या त्या मोबाइलवर लोक काय काय विकतात. माझी बटणं विक की." मी हसले होते. त्या हसण्यावर आज माझं घर चालतं.

फोटो काढायची आमची पद्धत ठरलेली होती. खिडकीशी टेबल, सकाळी दहा ते बारा, कारण त्या वेळात उजेड येतो पण ऊन येत नाही. मी मधल्या खुर्चीवर, आई माझ्या डाव्या हाताला. ती उजवा हात पुढे करायची, अंगठा वर, तर्जनी खाली, मध्ये बटण. मी मोबाइल धरायचे. सुरुवातीला मी बटण नुसतं कागदावर ठेवून पाहिलं होतं, पण एकटं बटण ताटाएवढंही दिसतं आणि तिळाएवढंही. आई म्हणाली, "थांब, मी धरते, म्हणजे कळेल लोकांना." कळायला लागलं. माणसाच्या बोटांचं माप माणसाला कळतं. शिवाय आई बटण धरायची ते समोरच्याला दिल्यासारखं. लॉंड्रीत गिऱ्हाइकाला दाखवायची ना, हे चालेल का बघा, तसंच. नऊ वर्षांत तिनं किती हजार वेळा तसा हात पुढे केला असेल. ती गेली, तरी दुकानात तिचा हात पुढेच होता. सकाळी दुकान उघडलं की तो दिसायचा आणि मला बरं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. यात सांगण्यासारखं काय आहे?

भाऊ दुसऱ्या गावी असतो, दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करतो. त्याला नियम वाचून दाखवले. तो म्हणाला, "ताई, सोपंय. एक ॲप आहे, हात आपोआप काढून टाकतं." उंटावरून शेळ्या हाकायला त्याला फार आवडतं. तरी करून पाहिलं. ॲपनं हात काढला आणि हाताबरोबर बोटांखाली झाकलेला बटणाचा भागही नेला. दोन्हीकडून उंदरानं कुरतडल्यासारखं बटण उरलं. म्हणजे प्रत्येक बटण पाकिटातून काढायचं आणि नव्यानं फोटो घ्यायचा. भाऊ म्हणाला, "मग घे. आणि जुने फोटो एका फोल्डरमध्ये ठेव, म्हणजे आईचे हात जाणार नाहीत." मी ठेवले. एवढी काही मी वेडी नाही. पण फोल्डरमध्ये ठेवलेला हात आणि दुकानातला हात यांत फरक आहे, तो मला त्याला समजावता आला नाही. फोल्डरमधला हात म्हणजे डांबरगोळ्या घालून ठेवलेली साडी. दुकानातला हात कुणाला तरी काहीतरी देत होता. मी म्हणाले, "एक फोटो तसाच ठेवला तर?" तो म्हणाला, "एक जरी राहिला तर बंद, असं लिहिलंय ना?" मी म्हणाले, "लिहिलंय." त्याच्या मागे ऑफिसातल्या लोकांची जेवणं चालल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "ताई, आई असती ना, तर तिनं पहिल्याच दिवशी पांढरा कागद आणला असता." हे खरं होतं आणि म्हणूनच मला त्याचा राग आला.

पांढरा कागद आणला. हललेले फोटो आधी घेतले, कारण ते तसेही दोन नियमांत मार खात होते आणि मला ते कधीच आवडले नव्हते. तीसेक होते. दिसायला वाईट, दुकानाची अब्रू घालवणारे. दोन दिवसांत उडवले आणि मोकळं वाटलं. मग उरलेले, मागून पुढे, जुन्याकडून नव्याकडे. रोज वीस-पंचवीस. पाकीट उघडायचं, बटण कागदावर ठेवायचं, फोटो, आणि दुकानातला जुना फोटो काढून नवा लावायचा. काम सोपं होतं, हातांना येत होतं, मन भटकायला मोकळं. जुन्या फोटोंतला आईचा हात भरलेला होता, नखं आखूड, तर्जनीवर सुईच्या टोचण्यांचे बारीक काळे ठिपके. अनामिकेत पातळ अंगठी, एका जागी किंचित चेपलेली. पुढे एका बटणापाशी मनगटावर इस्त्रीचा डाग आला. तो लागला त्या दिवशी ती म्हणाली होती, "काही नाही गं, इस्त्रीनं ओळख दाखवली." आणखी शंभरेक बटणांनंतर डाग फिका झाला, अंगठी सैल झाली. एका पितळी बटणाच्या मागे अंगठ्याला चिकटपट्टी, ती विळीनं कापलेली. मला आठवलं, त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, कशावरून ते मात्र आठवेना. भांडणाचं कारण गेलं आणि चिकटपट्टी राहिली. समोर बसून रोज पाहिलेला हात म्हातारा होताना मला कधी दिसला नव्हता, आणि आता तो अर्ध्या अर्ध्या तासात माझ्यासमोर म्हातारा होत होता. मी एक बटण झालं की एक कपडा झटकल्यासारखी पुढे जात होते. जेवायला उठायचे, चहा करायचे, परत बसायचे. वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण कामातलं वाईट वाटणं जरा वेगळं असतं, त्याला बसायला जागा नसते.

पहिल्याच आठवड्यात सहा बटणं परत आली. कोटासाठी मागवलेलं शर्टाच्या बाहीला लागेल एवढंच निघालं. माप मी लिहिलेलं होतं, मिलिमीटरमध्ये, पण मिलिमीटर कोण वाचतं? लोक बोटांवरून मागवत होते. नाकी नऊ आले. बाजाराच्या मदतीच्या खिडकीत मी लिहिलं की बोटांशिवाय बटणाचा आकार कळत नाही. तिकडच्या मुलीनं की यंत्रानं, कोण जाणे, उत्तर दिलं की आपली अडचण आम्ही समजू शकतो. मग मी ठरवलं की बोटं नाहीत तर तोंड तरी आहे. प्रत्येक बटणाखाली लिहायला सुरुवात केली. 'शर्टाच्या कॉलरचं असतं तेवढं.' 'जाड कोटाच्या पुढच्या ओळीतलं, थंडीत हातमोजे घालूनही लावता येईल.' 'लहान मुलीच्या फ्रॉकच्या पाठीवरचं, जे तिला स्वतःला कधीच लावता येत नाही.' लिहिता लिहिता लक्षात आलं की मी आईसारखं बोलते आहे. ती अशीच सांगायची, बटण कुठे बसतं त्यावरून. परत येणं थांबलं. उलट विक्री थोडी वाढली. एका बाईनं लिहिलं की मला बटण नकोय, पण तुमचं वाचायला येते. भावाला वाचून दाखवलं तर म्हणाला, "बघ, नियमानं भलंच झालं." नियमानं कशाला, मी केलं ते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

दुकानात सगळ्यांत नवी वस्तू सगळ्यांत वर दिसते. सगळ्यांत वर काळं बटण होतं, चार भोकांचं, कडेनं दोरीसारखी बारीक नक्षी. आई गेल्यावर मी नवीन बटण चढवलंच नव्हतं, आहे त्यावर भागवत होते, म्हणजे हा आईच्या हाताचा शेवटचा फोटो. मला ते बटण नीट आठवत होतं. शेवटच्या महिन्यात, पलंगावर बसल्या बसल्या आईनं ते डब्यातून काढलं होतं, उजेडात फिरवलं होतं आणि म्हणाली होती, "हे लवकर जाऊ देऊ नकोस. झोकात आहे." फोटोही झोकात होता. बोटं स्थिर, नखं स्वच्छ, अंगठीवर खिडकीचा उजेड. इतकी आजारी असूनही हात कसा स्थिर धरला असेल हिनं, असं वाटून दरवेळी माझा ऊर भरून यायचा. अठराव्या दिवशी चारशे अकरा बटणं झाली होती आणि हे एक उरलं होतं. एकोणिसाव्या दिवशी मी कपाट आवरलं. विसाव्या दिवशी खिडकीची काच पुसली. भावानं विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झाल्यातच जमा आहे."

त्यातच कोटवाल्यांचं पत्र येऊन पडलं होतं. कोटवाले हे आमचं सहा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. नाव आम्हाला माहीत होतं, पण आई त्यांना कोटवालेच म्हणायची, कारण ते कायम कोटाचंच बटण मागवायचे. सहा वर्षांत अकरा बटणं. आई म्हणायची, "यांचा कोट आहे की गळका नळ?" त्यांचे मेसेज म्हणजे पत्रंच असायची, खाली 'आपला' लिहून संपवलेली. या वेळी लिहिलं होतं, 'काळं, दोरीच्या नक्षीचं बटण मला हवं आहे. पण दुकानातल्या बाकीच्या फोटोंतली बोटं दिसेनाशी झाली. दुकान दुसऱ्या कुणाला दिलं का? विचारतो म्हणून राग नसावा.' याला उत्तर द्यायचं म्हणजे आई गेली हे लिहायचं. गिऱ्हाइकांना मी ते कधी कळवलं नव्हतं. बटण विकताना कसं कळवायचं? आणि खरं सांगायचं तर त्यांना तेच बटण हवं होतं याचाही मला राग आला. पत्र तसंच ठेवलं, चार दिवस.

एकविसाव्या दिवशी दहा वाजता टेबलाशी बसले. पाकीट घेतलं. प्रत्येक पाकिटावर, बटण दुकानात चढवलं त्या दिवसाची तारीख मी घालते, ती माझी सवय. या पाकिटावर माझ्याच अक्षरात चौदा तारीख होती, महिना सहावा. मी ती वाचली आणि बटण काढायला लागले, आणि मग परत वाचली. आई पाचव्या महिन्यात गेली. बावीस तारखेला.

चुकून लिहिलं असेल, असं पहिल्यांदा वाटलं. महिना चुकतो माणसाचा. मग मोबाइलवर फोटो मोठा केला. ही तीच अंगठी, चेपलेली जागासुद्धा तीच. पण अंगठा खाली होता. तर्जनी वर, अंगठा खाली. मी आईच्या खुर्चीत जाऊन बसले आणि उजवा हात पुढे केला. अंगठा वर. माझ्या खुर्चीत आले, उजव्या हातात मोबाइल घेतला आणि डावा हात पुढे केला. अंगठा खाली. तीनदा केलं. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं की बाईचं डोकं फिरलं. मग सगळं ओळीनं आठवायला लागलं, जणू कुणी दार उघडायची वाट बघत उभं होतं. आई गेल्यावर तीन आठवड्यांनी एका सकाळी उठून मी ठरवलं होतं की आता काम सुरू करायचं. अंगठी तेव्हा माझ्याकडे होती, उजव्या हाताच्या बोटात जाईना म्हणून डाव्यात घातलेली. काळं बटण घेतलं, एकटीनंच धरलं, एकटीनंच फोटो काढला, चढवला, आणि मग पुढचं बटण घ्यायला डबा उघडताच आला नाही. तो दिवस मी इतका खाली दाबून ठेवला होता की मलाच सापडू नये. पुढे अंगठी भावाच्या मुलीला दिली, नोकरीसाठी ती गाव सोडून निघाली तेव्हा. आणि दोन वर्षं, रोज सकाळी, मी माझ्याच हाताकडे बघून आईची आठवण काढत होते. एकविसाव्या दिवसापर्यंत मी ज्याच्यासाठी दुकान पणाला लावलं, तो हात टेबलावर माझ्यासमोरच पडलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग आईचा खरा शेवटचा फोटो कुठला? फोल्डर उघडलं, तारखांनी लावलं. करड्या रंगाचं एक साधं बटण, दोन भोकांचं, तिसऱ्या महिन्यातलं. हललेला फोटो. तिची बोटं थरथरत होती, म्हणून दोन अंगठे आणि दोन अंगठ्या असल्यासारखं दिसत होतं. मी तेव्हा काय म्हणाले होते तेही आठवलं. म्हणाले होते, "आई, जरा स्थिर धर ना, किती वेळा काढायचा?" आणि ती म्हणाली होती, "धरते आहे गं. हाच घे, चालेल." मी तोच घेतला होता, नाइलाजानं. आणि तो मी दुकानातून पहिल्याच दिवशी उडवला होता, सगळ्यांत आधी, कारण वाईट दिसत होता. उडवताना मी एका हातानं चहा पीत होते. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि मी त्याला मनात नावं ठेवत होते. त्या फोटोकडे मी क्षणभरसुद्धा पाहिलं नाही.

मला रडू आलं. दोन वर्षांत आलं नव्हतं असं आलं, आवाज करून. मग थांबलं. बारा वाजत आले होते आणि खिडकीत ऊन यायला लागलं असतं तर फोटो गेला असता, म्हणून मी उठले, तोंड धुतलं, काळं बटण पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि फोटो काढला. जुना काढून नवा लावला. बाजारानं लगेच कळवलं की आपलं दुकान आता सर्व नियमांत बसतं, आम्हाला आनंद आहे. बटणाखाली लिहिलं, 'जाड कोटाच्या सगळ्यांत वरचं, गळ्याशी येतं ते.' भावाला फोन केला, जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच, आणि सगळं सांगितलं. त्यानं पाकिटावरची तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "ताई, मलाही तो आईचाच वाटला होता." मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता त्याचा आवाज ओला झाला, तसा तो घाईनं म्हणाला की साहेब आले.

दुपारी कोटवाल्यांना उत्तर लिहिलं. फार खोडाखोड केली आणि शेवटी तीनच वाक्यं ठेवली. 'ती बोटं माझ्या आईची होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली. बटण तेवीस मिलिमीटरचं आहे, पाठवू का?' पाठवून दिलं आणि लोखंडी कपाटावरचे डबे खाली काढायला घेतले. दोन वर्षांत त्यांना हात लावला नव्हता, झाकणं घट्ट बसली होती. तिसऱ्या डब्याशी झटत असताना उत्तर आलं.

'वाईट वाटलं,' त्यांनी लिहिलं होतं. 'पण अंदाज होता. काळ्या बटणाच्या फोटोत बोटं वेगळी दिसली, तेव्हाच मनात आलं होतं. विचारायचा धीर झाला नाही. धरणाऱ्यानं बटण फार घट्ट धरलं होतं, नखं पांढरी पडलेली. म्हटलं, हे घरातलंच कुणीतरी आहे, अजून सवय नाही. बटण पाठवा. आपला.'

मी ते दोनदा वाचलं. मग डबा मांडीत धरून त्याचं झाकण, चमच्याच्या टोकानं उचकटून, एकदाचं उघडलं.